शोकांतिकेतील करुणा: अश्रूंच्या पुढे काय?

नाटक पाहताना डोळे भरून येतात. समोरचा माणूस नट आहे, त्याचे दुःख कुणीतरी लिहून ठेवलेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही घसा दाटतो. अशा वेळी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ही करुणा आपल्याला अधिक चांगला माणूस बनवते, की 'आपण किती हळवे आहोत' एवढे समाधान देऊन निघून जाते?

कीव, दया आणि करुणा

इंग्रजीतील 'पिटी' या शब्दाचे मराठीत भाषांतर करताना थांबावे लागते, कारण आपल्याकडे त्यासाठी निदान तीन शब्द आहेत. कीव वरून खाली पाहते. म्हणूनच स्वाभिमानी माणूस 'मला कुणाची कीव नको' असे म्हणतो. दयेत आपुलकी असते, पण देणारा आणि घेणारा हे अंतर उरते. करुणेत ते अंतर कमी होते. समोरच्याचे दुःख आपलेही असू शकते, ही जाणीव तिच्यात असते.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४ ते ३२२) याने शोकांतिकेविषयी जवळपास हेच सांगितले आहे. त्याच्या मते शोकांतिका प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भय जागे करते. ज्याच्या वाट्याला न शोभणारे दुःख येते त्याच्याविषयी करुणा वाटते आणि तो आपल्यासारखाच आहे म्हणून भय वाटते. 'माझे काहीच वाईट होणार नाही' अशा घमेंडीत जगणाऱ्याला करुणा वाटत नाही, असेही त्याने दुसऱ्या एका ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे करुणेच्या आड येणारी पहिली गोष्ट अहंकार आहे.

एका धनुष्याची गोष्ट

सोफोक्लीसचे 'फिलॉक्टेटीस' हे नाटक इ. स. पू. ४०९ मध्ये अथेन्समध्ये सादर झाले. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या फिलॉक्टेटीसच्या पायाला सर्पदंश होतो. जखम चिघळते, तिला दुर्गंधी येते, त्याच्या किंकाळ्यांनी देवकार्यात विघ्न येते. त्याचे सोबती त्याला लेम्नॉस बेटावर एकटे टाकून निघून जातात. हेराक्लीसचे धनुष्य तेवढे त्याच्याजवळ उरते. त्यानेच पक्षी मारून तो अनेक वर्षे जगतो.

पुढे भविष्यवाणी होते की त्याच्याशिवाय आणि त्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग धूर्त ओडिसियस अकिलीसच्या तरुण मुलाला, निओप्टोलेमसला, घेऊन बेटावर येतो. खोटे बोलून धनुष्य मिळवायचे, अशी योजना ठरते. फिलॉक्टेटीस त्या तरुणावर विश्वास ठेवतो आणि वेदनेचा झटका येताच धनुष्य त्याच्याच हाती सोपवतो.

इथे नाटककाराने एक फार सूक्ष्म गोष्ट दाखवली आहे. निओप्टोलेमसच्या खलाशांनाही त्या एकाकी माणसाबद्दल वाईट वाटते. ते तसे बोलूनही दाखवतात. पण तो ग्लानीत झोपला असताना हेच खलाशी सुचवतात, की आता संधी आहे, काम उरकून घ्या. त्यांची हळहळ खोटी नसते, पण ती त्यांना काही सोडायला लावत नाही.

निओप्टोलेमसची करुणा मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही. अखेर ओडिसियसच्या धमकीला न जुमानता तो धनुष्य परत देतो. ट्रॉय जिंकण्याची कीर्ती आणि सैन्यातील आपले स्थान तो पणाला लावतो. शेवटी हेराक्लीस प्रकट होऊन फिलॉक्टेटीसला ट्रॉयला जाण्यास सांगतो आणि तिथे त्याची जखम बरी होणार असते. पण त्याआधीच निओप्टोलेमसने त्याचे जगण्याचे साधन आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याला परत दिलेला असतो. नुसती कीव वाटली असती तर त्याने दोन गोड शब्द बोलून धनुष्य घेऊन गलबत हाकारले असते.

फुकटचे अश्रू

संत ऑगस्टीनने सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मकथनात रंगभूमीवरील करुणेवर बोट ठेवले. तिथे प्रेक्षकाला मदतीसाठी कुणी बोलावत नाही, फक्त रडायला बोलावतात, मग ही कसली करुणा, असा त्याचा प्रश्न आहे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये असेच उदाहरण दिले: नाटकातील पात्रांसाठी रडणारी एक श्रीमंत स्त्री आणि बाहेर थंडीत गोठून मरणारा तिचा गाडीवान.

हा आक्षेप आज अधिक लागू पडतो. मोबाईलवर एखाद्याच्या दुःखाचा व्हिडिओ येतो, आपण रडके चिन्ह पाठवतो आणि बोट पुढे सरकते. खर्च काहीच झालेला नसतो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर जमेच्या बाजूला समाधान लिहिले जाते आणि नावेची बाजू कोरीच राहते.

म्हणून शोकांतिका वाचूच नये का? तसे नाही. नाटकातल्या माणसासाठी आपण काहीच करू शकत नाही, आणि नेमके म्हणूनच तिथे आपला स्वार्थ आड येत नाही. दुर्गंधी येणाऱ्या, चिडलेल्या, हेकट माणसाकडे एरवी आपण पाठ फिरवतो; नाटकात त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकतो. ही मनाची तालीमच आहे. पण तालमीवर समाधान मानून जो घरी झोपला, त्याने प्रयोग केलाच नाही.

आपल्याही आसपास एखादा फिलॉक्टेटीस असतो. दीर्घ आजारामुळे ज्याच्या खोलीत कुणी फारसे जात नाही असा नातेवाईक, किंवा सतत कुरकुर करतो म्हणून ज्याचा फोन आपण उचलत नाही तो मित्र. पुढच्या वेळी एखाद्या कथेने डोळे ओले झाले, की त्या माणसाचे नाव आठवून पाहावे आणि त्याच दिवशी त्याच्याकडे जाऊन यावे.