‘कुणालाही’

भाची इंग्लंडमध्ये मध्ययुगीन इंग्रजी कायद्याचा इतिहास शिकते. सुट्टीत आली ती अर्धा निबंध सोबत घेऊनच. मी जिल्हा न्यायालयात चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. मॅग्ना कार्टाचं नाव निघाल्यावर गप्प बसणं मला कसं जमणार?

“एकोणचाळिसावं कलम,” मी म्हणालो. “कायद्यावाचून कुणालाही अटक नाही. आपल्या घटनेतल्या 21व्या कलमाचं मूळ तिथंच.”

“‘कुणालाही’ नाही, मामा. ‘लिबर होमो’, मुक्त माणसाला. जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला विलेन त्यात येत नाही.” (सिनेमातला व्हिलन याच शब्दातून निघाला, हे मला त्या दिवशी कळलं. गरिबाच्या नावाची शिवी होते ती अशी.) “आणि मूळ चर्मपत्रावर कलमांना आकडेच नाहीत. सलग लॅटिन आहे. 39 हा आकडा पुढच्यांनी घातला.”

“आकडे जाऊ देत. शब्द तर आहेत?”

“आहेत, पण ते 15 जून 1215चे. रनीमीडच्या कुरणावर राजा जॉन आणि बंडखोर सरदारांनी केलेल्या तडजोडीतले. ऑगस्टमध्ये पोपनं ती रद्दसुद्धा केली. थेम्समधले मासे धरायचे बांध काढून टाका, असंही तिच्यात आहे. त्याला नाही कुणी घटनेचं मूळ म्हणत.”

“मग ती टिकली कशी?”

“टिकली ती 1225ची आवृत्ती. पुढे 1354च्या कायद्यात ‘मुक्त माणूस’ जाऊन ‘कुठल्याही दर्जाचा माणूस’ आला.”

“म्हणजे माझंच खरं!”

“1354पुरतं खरं. ते 1215च्या तोंडी घालू नका.”

हे मला लागलं. जुन्या निवाड्याच्या तोंडी आपल्या अशिलाला हवं ते घालणं, यावरच तर माझं घर चाललं. तिनं कायद्याचा इतिहासकार मेटलंड याचा दाखला दिला. केंब्रिजमधल्या 1888च्या व्याख्यानात त्यानं हेच दोन धंदे वेगळे केले होते: वकिलाला आधार हवा, तोही ताजा, इतिहासकाराला पुरावा हवा, तोही जुना. मेटलंड स्वतः बॅरिस्टर होता, हे मी विचारल्यावरच तिनं कबूल केलं.

“मग एक सांग,” मी म्हणालो. “कायदेपंडित एडवर्ड कोकनं ही सनद प्रत्येक इंग्रजाचा पूर्वापार हक्क म्हणून वाचली. तुझ्या हिशेबानं चुकीचीच वाचली. पण त्या वाचनाच्या बळावर 1628ची ‘पिटिशन ऑफ राइट’ उभी राहिली आणि राजाला मनमानी कैद करण्यापासून अडवता आलं. तू तिथं असतीस, तर उठून त्याची चूक काढली असतीस?”

ती बराच वेळ कपातला चमचा फिरवत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

“नसती काढली,” ती शेवटी म्हणाली. “पण आज निबंधात गप्प बसता येत नाही.”

“का? मनमानी कैद संपली?”

तिनं उत्तर दिलं नाही. पानं उलटली आणि छापील लॅटिनवर एका ओळीखाली बोट ठेवलं.

“तुम्हाला ‘कुणालाही’ हवं होतं ना? हे घ्या. इथं ‘लिबर’ नाही, नुसतं ‘नुल्लुस’. बाईच्या फिर्यादीवरून खुनासाठी कुणालाही अटक करू नये, मेलेला तिचा नवरा असल्याशिवाय.”

“आणि मुलगा मारला गेला तर?”

“नाही.”

“भाऊ? बाप?”

“नाही. 1225मध्येही हे तसंच आहे.”

मी चष्मा पुसला आणि पळवाट शोधत ती ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली.