गंजावर चढविलेला रंग

पाठ: लेवीय, अध्याय १४, वचने ३३ ते ५३



घराच्या भिंतीस चट्टा पडल्यास काय करावे, याविषयीचा हा नियम आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. वाचणाराही तो लगबगीने उरकतो. कारण भिंतीवरील डागांचा आणि तारणाचा काय संबंध, असे आपणांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. परंतु गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या मंडळ्यांच्या जुन्या पिकअप गाडीने हा अध्याय आम्हांस असा समजावून दिला की, तो आता विसरणे शक्य नाही.

ही गाडी गडचिरोलीकडील चार गावांच्या मंडळ्यांनी मिळून घेतलेली आहे. सुगीच्या अर्पणाचे धान, उपासनेच्या सतरंज्या, पेटी, शास्त्राच्या प्रती आणि प्रसंगी शवपेटीही तिच्यातून जाते. (ती मालवाहू आहे, हौद्यात माणसे बसविणे कायद्याविरुद्ध आहे, हे सणाच्या दिवशीही विसरू नये.) आमच्या जंगलभागात चार महिने पाऊस व चिखल. एवढ्या वर्षांत दारांच्या खालच्या कडांस, मडगार्डांस व हौद्याच्या तळास गंज चढला होता, आणि रंगाखाली फोड आल्यासारखे फुगवटे दिसू लागले होते.

गंज म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातील लोकांस तरी दूर जाऊन शिकावयास नको. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथील तांबूस दगड म्हणजे प्राणवायूशी संयोग पावलेले लोखंडच होय. भट्टीच्या प्रखर उष्णतेत तो प्राणवायू काढून घेतला म्हणजे लोखंड हाती येते. परंतु पाणी व हवा मिळाली की तेच लोखंड पुन्हा प्राणवायूशी मिळून तांबडी माती होऊ पाहते. आपण धुळीचे आहो व धुळीकडे वळतो, असे शास्त्र मनुष्याविषयी सांगते. पत्र्याचीही गत तीच आहे. त्याला नुसते सोडून दिले, एवढे पुरे होते.

नाताळापूर्वी गाडी साजरी करावी, असे पंचांनी ठरविले. ताजा पांढरा रंग द्यावा, पुढे जाड नळ्यांचा बुलबार बसवावा, हौद्याच्या कुजलेल्या तळावर नवा चेकर्ड पत्रा ठोकावा, आणि फाळक्यावर एक शास्त्रवचन रंगवावे. आम्हीही त्या पंचांत होतो व आम्हीही हात वर केला. त्याच बैठकीत दुसरा एक विषय निघाला होता. गाडीच्या भाड्याचा हिशेब दोन वर्षे मंडळीपुढे वाचला गेला नव्हता, आणि का वाचला गेला नाही, हे आम्हां काही जणांस ठाऊक होते. नाताळानंतर पाहू, सणात कटुता नको, असे आम्हीच म्हणालो.

गाडी चंद्रपुरास पत्राकाम करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने यादी ऐकून घेतली व हातोडीच्या दांड्याने दारावर ठोकू लागला. वर खणखणीत नाद येत होता. खाली येताच तो बद्द झाला. मग त्याने पेचकस टेकविला, तो पत्र्यातून आरपार गेला. तो म्हणाला, “रंग मी देतो, पैसेही घेतो, पण पावसाळ्यात हे सारे पुन्हा वर येईल. मग माझ्या नावाने ओरडू नका.”

त्याने दाराची खालची कड दाखविली. तेथे पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने व पाल्याने बुजली होती. काचेच्या फटीतून आत गेलेले पावसाचे पाणी तेथेच साचून राहिले व दार आतून कुजले. जो फुगवटा आम्ही बाहेर पाहत होतो तो रोगाचा आरंभ नव्हता, शेवट होता. चेकर्ड पत्र्याविषयी त्याचे म्हणणे असे की, कुजलेल्या तळावर नवा पत्रा ठोकला म्हणजे दोहोंच्या मध्ये ओल कोंडते, आणि गंज झाकला जाऊन दुप्पट वेगाने खातो. ठिगळ लावावयाचे तरी गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही. पत्रा जळून भोक मोठे होते. चांगले लोखंड लागेपर्यंत कापावे लागते. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयी प्रभूने मत्तयाच्या ९ व्या अध्यायात जे सांगितले, ते त्या मनुष्याने बहुधा कधी वाचले नसेल.

बुलबाराची गोष्ट तर निराळीच निघाली. केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांस कळविले आहे की, असे अडसर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास धरून नाहीत. रस्त्याने पायी जाणाऱ्यास व गाडीतल्यासही ते घातक आहेत. आम्ही ज्याला शोभा म्हणत होतो त्याने कोणाचा तरी जीव गेला असता.

आता पाठाकडे वळू. याजक घरोघर चट्टे शोधीत हिंडत नाही. घरधन्याने स्वतः येऊन, माझ्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते, असे सांगावयाचे असते. याजक येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावयाचे, म्हणजे ते अशुद्ध ठरू नये. येथे देवाची दया दिसते. चट्टा हिरवट किंवा तांबूस, भिंतीत खोल गेलेला. सात दिवस वाट पाहावयाची. मग दूषित चिरे काढून टाकावयाचे, भिंत आतून खरवडावयाची, दुसरे चिरे व दुसरा गिलावा घालावयाचा. जुन्या गिलाव्यावरच नवा हात फिरवावा, असे त्या अध्यायात कोठेही नाही.

आम्ही कारागिरास खरवडावयास सांगितले. ग्राइंडर फिरला, अर्धे दार गळून पडले. ते पाहून आमच्यातील एक जण म्हणाला, “गाडी रंगवावयास आणली की मोडावयास?” आणि खरोखर, इतकी कुरूप ती पूर्वी कधीच दिसली नव्हती. उघडे पडलेले लोखंड त्याच दिवशी प्राइमरने झाकावे लागते. दमट हवेत एका रात्रीत त्यावर पुन्हा तांबूस छटा येते. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांसह परततो, ही प्रभूची गोष्ट आम्हांस तेथे उभे असताना आठवली. खरवडणे हे अर्धेच काम आहे.

परत येताना वाटेत कोणी फारसे बोलले नाही. त्या आठवड्यात आम्ही पाळकांकडे गेलो व हिशेबाविषयी जे ठाऊक होते आणि जे आम्ही दडवून ठेवले होते, ते सांगितले. ज्या भावाकडे वही होती त्याच्याविषयी बोलणे सोपे होते. स्वतःविषयी बोलणे कठीण गेले. तो भाऊ दोन रविवार उपासनेस आला नाही. तिसऱ्या रविवारी वही घेऊन आला व सर्वांपुढे वाचू लागला. मुलीच्या आजारात भाड्याचे पैसे खर्च झाले होते. मागितले असते तर मंडळीने दिले असते; पण आमच्याजवळ मागण्याइतका विश्वास त्याला वाटला नव्हता, हेही त्याने वाचून झाल्यावर सांगितले. त्याला उत्तर कोणापाशी नव्हते. धान विकून तो रक्कम फेडतो आहे. त्याच्या थोरल्या भावाचे घर मात्र अजून आमच्यात येत नाही, आणि दर रविवारी त्यांची जागा रिकामी दिसते.

पत्र्याच्या कामात वर्गणी संपली. रंगापुरते उरले नाही. नाताळात गाडी तांबड्या प्राइमरवरच चार गावे हिंडली. फाळका कोरा होता. दाराची छिद्रे आता दर शनिवारी एक जण तारेने मोकळी करतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दानार्पणाच्या आधी वही वाचली जाते.