उत्सर्ग की उकिरडा?



दीपावली जवळ आली की घरोघरी केरसुणी हाती घेतली जाते. माळे रिकामे होतात, फडताळे उपसली जातात, ट्रंका उन्हात येतात आणि वर्षभर ज्यांची आठवणही झाली नाही अशा वस्तूंची अंगणात रास पडते. मुलांना आखूड झालेले सदरे, कान तुटलेली कढई, मागल्या इयत्तांची पुस्तके, खेळून टाकलेली खेळणी, नवा आणल्यामुळे अडगळीत गेलेला पंखा. यांतील कितीतरी वस्तू पिशवीत भरून फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी किंवा देवळामागील पिंपळाच्या पारावर ठेवल्या जातात. ‘ज्याला हवे तो नेईल,’ असे आपण म्हणतो आणि दान केल्याच्या समाधानाने दार लावून घेतो. या लहानशा कृतीविषयीच आज विचार करावयाचा आहे. दाराबाहेर ठेवलेली वस्तू दान केव्हा होते आणि नुसता केर केव्हा ठरते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आपल्या आज्यांच्या संसारात जुनी वस्तू सहसा वाया जात नसे. लुगडे विरले की त्याचे दुपटे होई, दुपट्यांची गोधडी होई, गोधडी झिजली की तिचे पायपुसणे होई. नवजात बालकाच्या अंगाला पहिला स्पर्श होई तो धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या वस्त्राचाच. त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. एवढ्यातूनही जे उरे ते बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याच्या मोबदल्यात एखादे भांडे घरात येई. त्या व्यवहारात घासाघीस भरपूर असे, पण उपकाराची भाषा नसे. आता वस्तू उदंड झाल्या, शिवणारे हात थोडे राहिले आणि एका जिन्यावर राहणारी कुटुंबेही एकमेकांस अपरिचित झाली. हाती द्यावे असा माणूस समोर दिसत नाही, म्हणून वस्तू बाहेर ठेवण्याची वेळ येते.

ही रीत केवळ आपल्याच गावची नव्हे. सन २०१५ च्या अखेरीस इराणमधील मशहद शहरात एका भिंतीला खुंट्या ठोकून गरम कपडे टांगण्यात आले. ज्याला नको त्याने ठेवावे, ज्याला हवे त्याने न्यावे, असा तिचा संकेत होता. ती कल्पना पाहता पाहता इतर देशांत पसरली आणि आपल्याकडेही ‘नेकी की दीवार’ या नावाने अनेक शहरांत तशा भिंती उभ्या राहिल्या. थंडीत कुडकुडणाऱ्यास कोणापुढे हात न पसरता अंगरखा मिळावा, यात निःसंशय पुण्य आहे.

या पुण्याचे मर्म कशात आहे ते प्रथम पाहू. घेणाऱ्याला देणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही, हे ते मर्म होय. समोरासमोर दिलेल्या वस्तूला पुष्कळदा एक अदृश्य दोरी बांधलेली असते. आपण दिलेला सदरा मोलकरणीच्या मुलाच्या अंगावर दिसला की, ‘हा आमच्या बंडूचा बरे का!’ असे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात आणि चार मुलांदेखत त्या बालकाचे मुख म्लान होते. सदरा दिला, पण त्याच्यावरचे आपले नाव काही पुसले नाही. दाराबाहेर ठेवलेल्या वस्तूला ही दोरी नसते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत स्नातकाला उपदेश करताना ऋषी सांगतात की द्यावयाचे ते श्रद्धेने द्यावे, आणि देताना लज्जा असावी, भयही असावे. लाज घेणाऱ्याने वाटून घ्यावी असे तेथे म्हटलेले नाही. ती देणाऱ्याला सांगितली आहे. आपल्याजवळ अधिक का आहे आणि त्याच्याजवळ उणे का आहे, या विचाराने ज्याची मान किंचित खाली जाते त्यालाच द्यावयास आले.

आता धर्मशास्त्राकडे वळू. शास्त्रकारांनी दान आणि उत्सर्ग यांत भेद केला आहे. आपले स्वामित्व सोडून त्या वस्तूवर दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे म्हणजे दान. त्यात घेणारा ठरलेला असतो आणि त्याने स्वीकार केल्यावाचून दान पुरे होत नाही. परंतु विहीर, तलाव, बाग यांचे तसे नसते. ज्याने विहीर खणली तो ती एका कोणाला देत नाही. ती सर्वांसाठी मोकळी करतो. याला उत्सर्ग अशी संज्ञा आहे. पाणी कोण पिणार हे त्याला ठाऊक नसते आणि ते विचारण्याचा त्याला अधिकारही उरत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांनी आपल्या माळव्यात आणि माळव्याबाहेर दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या घाटांच्या पायऱ्यांवर उतरणाऱ्याला आजही कोणी त्याचे नाव-गाव विचारीत नाही.

दाराबाहेर ‘ज्याला हवे त्याने न्यावे’ म्हणून ठेवलेली पिशवी ही अशीच आहे. तिला घेणारा नेमलेला नाही. म्हणजे आपण जे करतो ते छोटेसे उत्सर्गच होय. तसे असेल तर विहिरीचा नियम तिलाही लागला पाहिजे. विहीर लोकार्पण करणारा तिच्यात गढूळ पाणी ठेवीत नाही, कठडा ढासळलेला ठेवीत नाही. पिणारा कोण हे माहीत नाही म्हणूनच तो अधिक जपतो. कारण पिणारा कोणीही असू शकेल, प्रत्यक्ष परमेश्वरही असू शकेल.

येथेच आपली कसोटी आहे. घेणारा दिसत नाही, यामुळे त्याची लाज राखली जाते हे खरे. पण त्याच कारणाने आपली लाज सुटण्याचाही संभव असतो. ज्याच्या हाती द्यावयास आपण धजलो नसतो ती वस्तू आपण पारावर निर्धास्तपणे ठेवतो. चेन तुटलेली पिशवी, नाडी नसलेला लेंगा, एकच पाय असलेली चप्पल, तळाला भोक पडलेले पातेले, वास येणारी उशी! ही कोणा मानवाच्या उपयोगाची आहेत काय? ती वेचून बाजूला टाकण्याचे श्रम मात्र त्या गरजूच्याच वाट्याला येतात.

या प्रश्नाचे मूळ किती खोल आहे ते कठोपनिषदात दिसते. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करीत होता. दक्षिणा म्हणून त्याने ज्या गाई काढल्या त्यांचे चरणे संपले होते, दूध आटले होते, गात्रे थकली होती. हिशेबाच्या वहीत गाईंची संख्या पुरी होती. घेणाऱ्याच्या गोठ्यात मात्र केवळ ओझे जाणार होते. मोठमोठे ऋत्विज तेथे बसले होते, पण ही गोष्ट कोणी बोलून दाखविल्याचे उपनिषद सांगत नाही. ती टोचली ती नचिकेत्याला, त्या घरातल्या लहान मुलाला. त्याच्या ठायी श्रद्धा शिरली असे उपनिषद म्हणते. ‘बाबा, मला कोणाला देणार?’ या अर्थाचा प्रश्न त्याने पुनःपुन्हा विचारला, पित्याने संतापून त्याला मृत्यूला देऊन टाकले आणि तेथून यमाच्या दारी ब्रह्मविद्येचा तो थोर संवाद घडला. मृत्यूपलीकडच्या ज्ञानाची कथा निरुपयोगी वस्तूंच्या दानापासून सुरू व्हावी, यात केवढा बोध आहे! आणि लक्षात घ्या, श्रद्धा तेथे पाहणाऱ्या बालकात प्रगटली. आपण पिशवी भरतो तेव्हा आपली मुले जवळ उभी असतात. काय ठेवले, काय राखून घेतले, हे ती सारे पाहत असतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील तामस दानाचा विचार करताना आपली दृष्टी ‘अपात्र’ या एकाच शब्दावर खिळते आणि आपण घेणाऱ्याची पात्रता तपासू लागतो. पण भगवंतांनी तेथे असत्कार आणि अवज्ञा हेही दोष सांगितले आहेत, आणि ते दोन्ही देणाऱ्याचे आहेत. राजस दान तर आपल्या घरात दर दिवाळीला डोकावते. वर्षभर राबणाऱ्या बाईला हक्काचा बोनस द्यावयाचा, त्याऐवजी जुनी साडी हाती ठेवून हिशेब मिटवावयाचा, याला दान म्हणता येत नाही. देणे वेगळे आणि दान वेगळे.

‘गरिबाला काहीही चालते,’ असे कोणी म्हणतील. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा देशभरातून जुने कपडे तेथे लोटले. समुद्राने ज्यांचे सर्वस्व नेले होते त्या कोळी कुटुंबांनीही त्यांतले पुष्कळ नाकारले आणि कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सन १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते कपडे गोळा करून, निवडून उपयोगात आणले. याच संस्थेने खेड्यांत एक वेगळी रीत पाडली. गावकऱ्यांनी आपल्या गावाची विहीर उपसावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मान म्हणून वस्त्रे न्यावीत. भीक म्हणून जो हात पुढे झाला नसता तो मानाने पुढे झाला.

कोणी श्रीगाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) दाखला देतील की, त्यांनी तर चिंध्यांचाच अंगरखा घातला. होय, पण त्या चिंध्या त्यांनी स्वतः पत्करल्या होत्या. यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःला चिंधी आणि दुसऱ्याला निवारा, हा संतांचा मार्ग. स्वतःला नवे आणि दुसऱ्याला चिंधी, हा आपला. या दोहोंत गल्लत होऊ नये.

म्हणून सदस्य कुटुंबांना नम्र विनंती आहे. जे ठेवावयाचे ते धुऊन, वाळवून, घडी करून ठेवावे. तुटलेली गुंडी लावावी, लेंग्यात नाडी ओवावी, चपलांचा जोड एकत्र बांधावा, भांड्याबरोबर त्याचे झाकण द्यावे. पंखा किंवा इस्त्री चालू आहे की नादुरुस्त, ते कागदावर स्पष्ट लिहावे. औषधे, पाती, फुटकी काच कदापि ठेवू नये. पाऊस असेल तर थांबावे. सायंकाळपर्यंत कोणी न नेल्यास वस्तू परत घरात घ्यावी. रात्रभर भटक्या जनावरांनी विसकटलेली पिशवी हे दान उरत नाही. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सन २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या आपल्या इंदूरच्या रस्त्यावर तो ढीग सकाळी सफाई कामगारांनाच उपसावा लागतो. जे मोडके आहे ते भंगारवाल्यास सरळ विकावे. त्यात कमीपणा नाही. आणि ठेवल्यावर खिडकीआडून कोण नेतो ते पाहत बसू नये.

देवळाच्या पारासंबंधी एक शब्द. भंगलेल्या मूर्ती व देवादिकांच्या तसबिरी पिंपळाखाली सोडून जाण्याची प्रथा वाढली आहे. ज्या देवाला काल नैवेद्य दाखविला त्याला आज उन्हापावसात टाकून द्यावे, हे योग्य नव्हे. गुरुजींना विचारून विधिपूर्वक विसर्जन करावे. चौकट व काच वेगळी काढून त्यांची निराळी व्यवस्था लावावी.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची आपली जुनी चाल आहे. अलक्ष्मी घालवावी ती दूर. ती पिशवीत बांधून गरिबाच्या दारी पोहोचवावी असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

पूजेच्या, दानाच्या शेवटी आपण पळीभर पाणी सोडून ते कृष्णार्पण करतो. फाटकाबाहेर पिशवी ठेवण्यापूर्वी तिच्यातील एकेक वस्तू हाती घेऊन तेच शब्द मनात उच्चारून पाहावेत. ज्या वस्तूवर जीभ अडखळेल ती काढून घ्यावी. जी उरेल ती कोणीही नेवो, ती योग्य ठिकाणीच पोहोचेल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥