निरोगी विद्यार्थ्याने हप्ता का भरावा?

आपल्या समाजातील कित्येक मुले-मुली लष्करी सेवा संपवून विद्यापीठांत व कॉलेजांत शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. यांपैकी जो विद्यार्थी नोकरी करीत नाही, त्याच्याकडे बितुआख लेउमी राष्ट्रीय विमा व आरोग्य विमा यांचा किमान हप्ता मागते. मग घरात प्रश्न निघतो: "वर्षभरात मी डॉक्टरकडे गेलो नाही. मी का भरू?" हा प्रश्न आम्हांला उद्धटपणाचा वाटत नाही. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

बाजारात आपण पैसे देतो आणि माल घेतो. त्या हिशेबाने निरोगी तरुणाचा तोटाच दिसेल. परंतु १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या आरोग्य विमा कायद्याने न्याय, समता व परस्पर साहाय्य हाच आपला पाया मानला आहे. त्यापूर्वी कुपत होलीमचे सभासद होणे ऐच्छिक होते आणि म्हाताऱ्या वा आजारी माणसाला फंड नाकारू शकत असे. आज क्लालित, मक्काबी, मेउहेदेत व लेउमित या चारांपैकी कोणालाही रहिवाशाला नाही म्हणता येत नाही. इतकेच नव्हे, हप्ता थकला म्हणून कायद्याने ठरवलेले उपचार बंद होत नाहीत.

खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. न भरताही उपचार मिळत असतील, तर भरावे कशाला? आमच्या मते कर्तव्य यामुळे कमी न होता उलट वाढते. जेथे धाक असतो तेथे माणूस भीतीने देतो. जेथे विश्वास टाकलेला असतो तेथे न देणे म्हणजे त्या विश्वासाचा फायदा घेणे होय. शिवाय अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत याच मुलाकडून कोणी हप्ता घेतला नव्हता. तरी त्याला लस मिळाली, त्याच्या तापावर औषध मिळाले. तो भार दुसऱ्यांनी उचलला. आता डिमोना किंवा अश्दोद येथील कोणा आजीच्या औषधात त्याचा वाटा असावा, हे योग्यच आहे.

विद्यार्थ्याचा खिसा रिकामा असतो, हेही खरे. म्हणूनच त्याच्याकडून किमान रक्कम मागितली जाते. तीही जड जात असेल, तर पत्र न फोडता ठेवून देण्यापेक्षा कचेरीत जाऊन थोडे थोडे भरण्याची सवलत मागावी. थकबाकी आपोआप पुसली जात नाही.

मात्र या परस्पर साहाय्यालाही कुंपण आहे. भारतातून केवळ शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसावर आलेला आपला भाचा किंवा पुतणी येथील रहिवासी ठरत नाही. त्यांना खाजगी विमाच घ्यावा लागतो. अशा पॉलिसीत जुना आजार वगळलेला आहे काय, हे मामा-काकांनी आधीच वाचून पाहावे. कायदा जेथे थांबतो, तेथे नात्याने पुढे व्हावे.

आईबापांनी मुलांचा हप्ता गुपचूप भरून टाकू नये, अशी आमची विनंती आहे. मदत अवश्य करावी, पण तो कोणासाठी भरावयाचा हे मुलांना समजावून सांगावे.