बाणाच्या टप्प्यावर बसू नका

(शास्त्रपाठ : उत्पत्ति २१ : १४-१९)



हागारेचा वृत्तांत आपणांपैकी पुष्कळांस लहानपणापासून ठाऊक आहे. अब्राहामाने भाकर व पाण्याची मसक देऊन तिला मुलासह रवाना केले. बैर-शेबाच्या रानात ती भटकू लागली आणि मसकेतले पाणी संपले. तेव्हा तिने मुलाला एका झुडपाखाली टाकिले व आपण बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली. पोराचे मरण डोळ्यांनी पाहावे लागू नये, एवढेच तिच्या मनात होते.

तिला कोणी निर्दय म्हणू नये. माया नव्हती म्हणून ती दूर गेली नाही. माया फार होती आणि हाती उपाय उरला नव्हता, म्हणून गेली. आजही ज्या घरी एखादे लेकरू बरे न होणाऱ्या दुखण्याने अंथरुणास खिळते, त्या घरी असेच घडते. इस्पितळातून सांगतात की, आता घरी न्या. बाप अंधार पडेपर्यंत शेतातून परतत नाही. शेजारीण उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करिते. मंडळीचे वडीलही प्रार्थना लवकर आटोपून निघतात. प्रत्येक जण आपापल्या परीने बाणाच्या टप्प्यावर बसतो आणि झुडपाखाली लेकरू एकटे राहते.

अशा लेकराजवळ जाऊन बसणे हेच जिचे काम, अशा एका सेविकेचा विचार आज आपण या शास्त्रपाठाच्या प्रकाशात करू. ती म्हणजे मुलांची उपशामक शुश्रूषा करणारी परिचारिका. रोग हटत नसला तरी वेदना, धाप, मळमळ व भीती शमविणे, याला उपशामक शुश्रूषा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मुलांच्या बाबतीत तिचा अर्थ स्पष्ट केला, तो असा की, ही शुश्रूषा मुलाच्या शरीराची, मनाची व आत्म्याची असावी, तिने कुटुंबासही आधार द्यावा, आणि रोगाचे निदान होताच तिचा आरंभ व्हावा. मग रोगावरचा इलाज चालू असो वा नसो. म्हणजे ही केवळ शेवटच्या घटकेची सेवा नव्हे.

पहिली गोष्ट ही पाहा की, देवाने मुलाची वाणी ऐकिली. हागार तर मोठ्याने रडत होती. तरी शास्त्र सांगते की, मुलगा जेथे पडला होता तेथून निघालेला त्याचाच आवाज देवाच्या कानी गेला. इश्माएल या नावाचा अर्थही देव ऐकतो असाच आहे. मनुष्यांचे कान मात्र या बाबतीत फार काळ बंद होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळास दुखणे नीट कळतच नाही, असे शिकलेले लोकही मानीत, आणि अशा बाळांवर अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. १९८७ साली डॉक्टर कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सफर्ड येथील अभ्यासावरून दाखवून दिले की, वेदनेने तान्ह्या बाळाच्या देहातही मोठी खळबळ होते, आणि योग्य औषध दिल्यास ती कमी होऊन बाळ अधिक सुखरूप राहते.

परिचारिका प्रथम ऐकावयास शिकते. ज्या मुलास बोलून सांगता येत नाही, त्याला ती हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रे दाखविते. मूल त्यांतील एकावर बोट ठेविते आणि त्याचे दुखणे किती आहे ते कळते. ही रीत अमेरिकेत डॉना वाँग नावाच्या परिचारिकेने आपल्या सोबतिणीसह १९८३ साली काढिली. त्याहून लहान मूल असल्यास त्याचा चेहरा, पायांची हालचाल, रडणे व कुशीत घेतल्यावर शांत होणे, हे सर्व ती पाहते. अगदी निपचित पडलेले मूल सुखात आहे असे ती समजत नाही. फार दुखणारे मूल कधी कधी हालणेच सोडून देते.

दुसरी गोष्ट, देवाने हागारेस जवळ पाठविले. तिला विहीर दिसण्यापूर्वीच आज्ञा झाली की, ऊठ, मुलाला उचल, त्याचा हात धर. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी हात धरणे, मग पाणी. उपाय सापडल्यावर जवळ जाईन, असे म्हणण्याची मुभा तिला मिळाली नाही.

जवळ जाण्याचे काम साधे असते, पण ते रात्रंदिवस करावे लागते. मूल कळवळेल तेव्हा औषध द्यावयाचे, असे परिचारिका करीत नाही. ती घड्याळ पाहून ठरल्या वेळी देते, म्हणजे वेदना डोके वर काढीत नाही. मॉर्फिनने शौचास खडा होतो, म्हणून त्यावरचे औषधही ती बरोबरच सुरू करिते. धाप लागली तर ती मुलास उशांच्या आधाराने बसविते, खिडकी उघडते, तोंडावर वारा घालिते. जेवण जात नसेल तर बळेच भरवीत नाही. ओल्या फडक्याने ओठ भिजविते. कूस बदलावी कशी, पाठीस जखम होऊ नये म्हणून काय करावे, हे ती आईला शिकविते. कोपऱ्यात गप्प बसलेल्या थोरल्या भावास जवळ घेऊन ती सांगते की, तुझ्या भांडणामुळे धाकटा आजारी पडला नाही.

खरे बोलणे हेही जवळ जाणेच होय. आपण समजतो की, मुलाला काही कळत नाही, त्याच्यापुढे मरणाचे नाव काढू नये. १९७८ साली मायरा ब्लूबाँड-लँगनर या विदुषीने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून लिहिलेल्या ग्रंथात दाखविले की, कोणी सांगितले नाही तरी ती मुले सर्व ओळखून असत, आणि आईबापांस दुःख होऊ नये म्हणून गप्प राहत. स्वीडन देशात कर्करोगाने मूल गमावलेल्या आईबापांस प्रश्न विचारण्यात आले, त्यांची उत्तरे २००४ साली प्रसिद्ध झाली. जे १४७ जण मुलाशी मरणाविषयी बोलले होते, त्यांपैकी एकासही पस्तावा झाला नव्हता. जे २५८ जण बोलले नव्हते, त्यांपैकी ६९ जणांस हळहळ लागून राहिली होती. म्हणून परिचारिका मुलावर काही लादीत नाही. परंतु त्याने विचारले तर खोटे सांगत नाही, आणि आईबापांसही बोलावयास धीर देते.

तिसरी गोष्ट, विहीर तेथेच होती. देवाने हागारेचे डोळे उघडले आणि ती तिला दिसली. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे मुलांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली एक धर्मभगिनी होती. मेंदूच्या गाठीमुळे लुळ्या पडलेल्या हेलन नावाच्या एका बालिकेस तिने अधूनमधून आपल्या मठात ठेवून घेतले, म्हणजे तिच्या थकलेल्या आईबापांस विसावा मिळावा. त्या लहानशा शेजारधर्मातून १९८२ साली हेलन हाऊस उभे राहिले, आणि अशा मुलांसाठी जगात निघालेले ते पहिले घर ठरले. आपल्या महाराष्ट्रातही जव्हारच्या आदिवासी मुलखात, तेथील सरकारी रुग्णालयाच्या आश्रयाने, २०१० साली मुलांच्या उपशामक शुश्रूषेचे काम सुरू करण्यात आले. अफूपासून होणारे मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध १९८५ च्या कायद्यामुळे मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली तो कायदा सुधारून वाट पुष्कळ मोकळी करण्यात आली. वेदनेवर मापाने व जाणत्या हाताने दिलेल्या या औषधाने मूल व्यसनी होते किंवा लवकर मरते, ही भीती खरी नव्हे. विहीर असताही लेकरू तहानेले राहावे, असे आपल्या अज्ञानामुळे होऊ देऊ नका.

येथे कोणी माता विचारील की, हागारेचे लेकरू वाचले, माझे तर गेले. मग ही कथा मला कशाला? बाई, तुझा प्रश्न खरा आहे आणि त्यावर झटकन उत्तर देणाऱ्या उपदेशकावर विश्वास ठेवू नकोस. परंतु एवढे पाहा. याईराच्या घरून निरोप आला की, मुलगी मेली, आता गुरूला त्रास देऊ नका. सर्वांच्या मते काम संपले होते. तरी प्रभू पुढे गेला, आईबापांस बरोबर घेऊन आत शिरला आणि त्याने त्या मुलीचा हात धरिला. ती उठली, हे त्याचे सामर्थ्य. पण लोक ज्या खोलीतून आशा सोडून निघाले, तिच्यात तो गेला, ही त्याची रीत आहे, आणि ती तुझ्या लेकराच्या बाबतीतही बदललेली नाही. तू त्याचा हात धरून बसली होतीस, तेव्हा तू एकटी नव्हतीस.

प्रचारक बंधूंनो, आता आपले कर्तव्य. अशा घरी जाल तेव्हा देवाने आपले आवडते फूल तोडिले असे म्हणू नका. आईला तो देव चोर वाटेल. हे कोणाच्या पापाचे फळ असेही म्हणू नका; जन्मांधाविषयी शिष्यांनी तसेच विचारिले तेव्हा प्रभूने त्यांना अडविले. नवस, मंतरलेला दोरा किंवा हमखास गुणाचे औषध यांपायी त्या घराचे शेत गहाण पडू देऊ नका. त्यांना जवळच्या सरकारी इस्पितळात न्या व वेदनेवरच्या इलाजाविषयी स्वतः विचारा. मंडळीतील दोन भगिनींनी पाळीपाळीने रात्री बसावे, म्हणजे आईला चार तास झोप मिळेल. मूल गेल्यावर तेराव्या दिवशी शेजार पांगतो. तुम्ही महिन्याने जा, त्याच्या वाढदिवशी जा, आणि त्याचे नाव मोठ्याने घ्या.

हे सर्व करण्यास फार विद्या लागत नाही. जी विद्या लागते ती परिचारिकेजवळ आहे. तिला बोलवा, तिचे ऐका. बाकीचे काम उठून जवळ जाण्याचे आहे, आणि ती आज्ञा आपणां सर्वांस आहे.

हे दयाळू पित्या, तू झुडपाखालचा आवाज ऐकतोस. आमचे कान उघड, आमचे पाय उचल, आणि जी लेकरे आज रात्री दुखण्याने जागी आहेत, त्यांच्याजवळ आम्हांस बसव. आमेन.