लेकीबरोबर एक रात्र मुंबईत

मुलगी मिळवती झाली, की आईने तिच्याबरोबर एक रात्र परगावी काढावी. लग्नकार्य नको, देवदर्शन नको, दवाखान्याची तारीख तर नकोच. पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन धरावी. १९३० पासून धावणारी ही गाडी. तिच्या डायनिंग कारमध्ये ऑम्लेट खाताखाता घाट कधी मागे पडतो कळत नाही.

मुक्काम ठरलेला असला, की परतीच्या गाडीकडे डोळा राहत नाही. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसावं. पाठीमागे आर्ट डेको इमारतींची रांग, २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेली. तिच्याकडे पाठ फिरवली तरी चालेल! शेजारी बसून, समोर बघत लेक जे बोलते, ते घरात जेवणाच्या टेबलावर बोलत नाही. पगार, साहेब, आवडलेला मुलगा, नकोशी झालेली नोकरी. लगेच सल्ला देऊ नये. आपलंही काही सांगावं. आई होण्याआधी आपण कोण होतो, हे तिला कुठे ठाऊक असतं?

रस्ता ओलांडताना ती आपला हात धरते, हॉटेलात बिल आधी उचलते, ‘आई, पाणी पी’ म्हणून दटावते. मुकाट्याने प्यावं. आणि रात्री पंख्याच्या वेगावरून वाजलंच, तर तेही होऊ द्यावं.