पैसे घेऊन केलेला पाहुणचार

जेवणाचे पैसे घेतले की पाहुणचार संपला व धंदा सुरू झाला, असे आपल्यांपैकी पुष्कळांना वाटते. आम्हांस हा प्रश्न इतका सरळ वाटत नाही. म्हणून वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर इटलीच्या वायव्येस, आल्प्स पर्वतातील पेल्लीचे नदीच्या खोऱ्यात यावे. हे वॉल्डेन्सियन मंडळीचे खोरे. लूथरच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात सुरू झालेली ही चळवळ 1532 साली धर्मसुधारणेला येऊन मिळाली.

या डोंगराळ भागात घरगुती खाणावळी अजून आहेत. घरचीच माणसे रांधतात, घरचीच वाढतात. पदार्थ मोजकेच, आणि आज काय केले आहे ते पुष्कळदा तोंडीच सांगतात. तेथला जुना पदार्थ म्हणजे ‘सूपा बार्बेत्ता’. ग्रिसीनी नावाच्या कडक, काडीसारख्या पावाचे तुकडे, कोबीची पाने व चीज यांचे थर पातेल्यात लावायचे, वरून मांसाचा रस्सा ओतायचा आणि मंद आचेवर शिजू द्यायचे. गरिबाचेच अन्न ते. ‘बार्बा’ म्हणजे तेथील बोलीत काका. लपतछपत फिरणाऱ्या उपदेशकांना लोक काका म्हणत, त्यावरून विरोधकांनी साऱ्या मंडळीला ‘बार्बेत’ म्हणून हिणवले. ते हिणवणे आज सुपाच्या नावात सुखाने नांदते आहे! गवतात गुंडाळून मुरवलेले ‘सेरास’ हेही त्याच खोऱ्यातले.

मग बिल येते. इटलीत पुष्कळ ठिकाणी त्यात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी वेगळी रक्कम असते. ती पावाची व मेजावरील जागेची. बसण्याचेही पैसे! आपल्या माणसाला हे खटकणारच.

पण याच खोऱ्यांचा इतिहास पाहा. 1655 च्या एप्रिलमध्ये सव्हॉयच्या ड्यूकच्या सैन्याने, शिपायांना तुमच्या घरांत उतरू द्या, अशी मागणी केली. लोकांनी दारे उघडली. 24 तारखेच्या पहाटे त्याच शिपायांनी आपल्या यजमानांची कत्तल केली. त्या पाहुणचारात यजमानाला नाही म्हणण्याची मुभाच नव्हती. खाणावळीचा मालक आपल्या अन्नाची किंमत स्वतः ठरवतो, पाहुणा ती देतो, आणि दोघेही एकमेकांच्या दबावाखाली न राहता उठतात. यात आम्हांस हलकेपणा दिसत नाही. उलट आपल्याकडील फुकटच्या जेवणालाही वही असतेच की! त्यांनी आपल्याला बोलावले होते, आपण त्यांना काय दिले, हा हिशेब पुढच्या लग्नापर्यंत चालतो. ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांना बोलवा, असे प्रभूने सांगितले (लूक 14) ते या वहीसाठीच.

मात्र ज्याच्या खिशात काहीच नाही त्याचे काय? खाणावळीची खरी अडचण ही आहे, आणि कितीही चांगला मालक ती एकट्याने सोडवू शकत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळेच्या रक्षकाने जखमी माणसाला फुकट ठेवले नाही. शोमरोन्याने त्याला पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगितले. रक्षकाने पैसे घेतले म्हणून प्रभूने त्याला दोष दिलेला नाही. आपण दाखला वाचताना या रक्षकाकडे फारसे पाहतच नाही. पैसे घेणारे ते दार होते, म्हणूनच तिसऱ्या माणसाला त्या जखमीसाठी पैसे भरता आले.

वॉल्डेन्सियन मंडळीने हे आपल्या काळात करून दाखवले आहे. इटलीतील प्रॉटेस्टंट मंडळ्या व संत एजिदिओ हा कॅथलिक समाज यांनी सरकारशी करार केला, आणि 2016 च्या फेब्रुवारीपासून लेबनानमधील सिरियन निर्वासितांना विमानाने, रीतसर परवान्यावर इटलीत आणण्यास सुरुवात झाली. खर्च सरकारवर न टाकता या संस्थांनी उचलला.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. हंगामाच्या सणाला किंवा नाताळात प्रीतिभोजन असले की कूपने काढतात. तांदूळ, मटण, गॅस यांना पैसे लागतात, तेव्हा कूपनांना आमचा विरोध नाही. पण पाच माणसांचे कुटुंब उपासना संपताच, कोणाला न भेटता, फाटकाबाहेर पडताना आम्ही पाहिले आहे. पंचांनी विकावयाच्या कूपनांबरोबर दहावीस कूपने आधीच भरून घ्यावीत, ती पाळकांच्या हाती द्यावीत, आणि ती कोणाला गेली हे हिशेबाच्या वहीत लिहू नये. रंगही तोच असावा.